पडद्यावरचा साठा आणि रॅकवरचा साठा

इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून बैलगाडीच्या चाकांची नोंद आहे. देशावरून माल घेऊन उतरलेला गाडीवान परत जाताना इथून चाकांची जोडी नेल्याशिवाय राहत नाही, अशी त्या काळी या गावाची ख्याती होती. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. मुंबईहून गलबतानं पनवेलच्या खाडीपर्यंत आणि तिथून गाडीनं पुण्याकडे असा मालाचा राबता सुरू झाला. घाट उतरून खिळखिळ्या झालेल्या गाडीला चाक हवं असायचं ते लगेच. गाडीवान महिनाभर मुक्काम करणार नव्हता. त्यामुळे सुताराला लाकूड आधीच आणून, चिरून, सुकवून ठेवावं लागे, कारण ओल्या लाकडाचं चाक पुढे आकसतं आणि आरे सैल पडतात. एका चाकाला एक तुंबा, ठरलेले आरे, त्यांवर पुठ्ठे आणि बाहेरून लोखंडी धाव. तुंबा तयार आणि धावेचं लोखंड नाही, म्हणजे चाक नाही. सुतार, लोहार आणि लाकडाचा व्यापारी यांच्या वेळा जुळल्या तरच गाडीवानाला जोडी मिळणार.

आजच्या पनवेल तालुक्यात हेच जुळवणं हजारपटीनं वाढलं आहे. तळोज्याची औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा लोखंड बाजार, पलीकडे रसायनी आणि पाताळगंगा, खाडीपलीकडे १९८९ मध्ये सुरू झालेलं न्हावाशेव्याचं बंदर, आणि कळंबोलीलाच सुरू होणारा पुण्याचा द्रुतगती मार्ग. रसायनं, खतं, ॲल्युमिनियम, काच, औषधं, साबण-शाम्पूला लागणारी फेसद्रव्यं, असं कितीतरी या पट्ट्यात तयार होतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतात ते टँकर आणि कंटेनर. कारखान्याच्या आत मात्र आणखी एक वाहतूक चालू असते. कच्चा माल गेटमधून स्टोअरमध्ये, स्टोअरमधून रिॲक्टरवर, तिथून तपासणीला, तपासणीतून भरणीला, भरणीतून गोदामात आणि गोदामातून ट्रकवर. एकाच मालकाच्या, एकाच कुंपणातल्या या साखळीतही माल अडतो, हरवतो, चुकीच्या वेळी येतो. ती साखळी जुळवण्यासाठी गेल्या साठ वर्षांत जी संगणकीय पद्धत घडली, तिचं यश पनवेलसारख्या गावात नेमकं कशावर ठरतं, हा या लेखाचा विषय आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे सॉफ्टवेअर गणितात चुकत नाही. त्याला सांगितलेली माहिती खरी नसते. आणि ती खरी नसण्याला बहुतेक वेळा स्टोअरकीपरचा आळस कारण नसतो. खरं सांगितलं तर आपल्यालाच त्रास होईल, अशी व्यवस्था कंपनीनं केलेली असते.

गणितापासून सुरुवात करू. त्यासाठी पनवेलच्याच मातीतलं उदाहरण घेतो. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये या गावात श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. देशात अशा औषधांचं कारखानदारी पद्धतीनं उत्पादन करणाऱ्या सगळ्यात जुन्या संस्थांमध्ये त्याची गणना होते. ती संस्था आपलं नियोजन कसं करते, हे मी इथे सांगत नाही. पण आयुर्वेदिक कारखाना नियोजनाच्या दृष्टीनं फार बोलका असतो, म्हणून एक काल्पनिक कारखाना घेऊ. समजा, त्याला १ डिसेंबरला दशमूलारिष्टाच्या ४५० मिलीच्या २०,००० बाटल्या ट्रकवर चढवायच्या आहेत.

म्हणजे ९,००० लिटर तयार अरिष्ट. गाळणीत, भरणीत थोडं कमी होणार, म्हणून साडेनऊ हजार लिटर धरलं. त्याच्या मागे दहा मुळं, गूळ, धायटीची फुलं आणि बाकीची द्रव्यं. यांचं प्रमाण शार्ङ्गधर संहितेसारख्या ग्रंथात दिलेलं आहे, आणि कारखान्यात याच पाठाला ‘बिल ऑफ मटेरियल’ म्हणतात. त्यात संहितेत नसलेल्या गोष्टीही येतात : २०,००० बाटल्या, तेवढीच बुचं, तेवढीच लेबलं, आणि एका खोक्यात वीस बाटल्या मावत असतील तर हजार खोकी.

आता उलट्या दिशेनं चालायचं. भरणीला तीन दिवस. त्याआधी तयार मालाच्या तपासणीला सात. त्याआधी निवळायला आणि गाळायला सात. त्याआधी संधान, म्हणजे आंबवण, ३० दिवस. काढ्याचा एक दिवस. आलेल्या मुळांच्या तपासणीला सात. मुळं पोचायला ऑर्डरपासून पंधरा. बेरीज ७०. म्हणजे १ डिसेंबरच्या ट्रकसाठी खरेदीचा कागद २२ सप्टेंबरला निघायला हवा. बाटल्या मात्र इतक्या आधी मागवायच्या नाहीत, नाहीतर दोन महिने गोदामात जागा अडवून बसतील. त्यांचा कागद ऑक्टोबरच्या अखेरीला निघाला तरी चालेल. धायटीची फुलं तर बाजारात मिळतात ती मुख्यतः वसंतात. ती वर्षाची एकदम घेऊन ठेवावी लागतात. एकाच औषधाच्या घटकांची अशी वेगवेगळी घड्याळं असतात.

ही उलटी चाल अमेरिकेत १९६४ मध्ये जोसेफ ऑर्लिकी यांनी संगणकासाठी बांधली आणि हत्यारं बनवणाऱ्या ब्लॅक अँड डेकर कंपनीनं ती आधी वापरली. तिचं नाव मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग. इंग्रजी आद्याक्षरांनी ते एमआरपी होतं, पण पाकिटावर छापलेल्या किमतीशी त्याचा संबंध नाही. ऑर्लिकींचा मुद्दा साधा आणि खोल होता. गिऱ्हाईक किती बाटल्या घेईल याचा अंदाजच करावा लागतो. पण बाटल्यांची संख्या एकदा ठरली की बुचांचा अंदाज करणं मूर्खपणाचं आहे, ती मोजता येतात. तोवर कारखाने दोन्हींचा अंदाजच करत होते. बुचांचा साठा ठरावीक पातळीखाली गेला की नवी बुचं मागवायची, मग पुढच्या महिन्यात भरणी असो वा नसो. १९८३ पर्यंत ऑलिव्हर वाइट यांनी या हिशेबात यंत्रांची क्षमता आणि पैसाही आणला. १९७२ मध्ये जर्मनीत आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी सॅप कंपनी काढली होती. तिच्यासारख्यांनी खरेदी, विक्री, हिशेब, साठा हे सगळं एका छपराखाली आणलं, आणि १९९० मध्ये गार्टनर या सल्लागार संस्थेनं त्याला ईआरपी हे नाव दिलं. आज तळोज्यातल्या मध्यम कारखान्यातही स्टोअरच्या खिडकीपाशी हे अक्षरत्रय ऐकू येतं. दसऱ्याला रिॲक्टरबरोबर सर्व्हरलाही झेंडूचा हार घातला जातो.

गणित इतकं सरळ आहे, तर गडबड कुठे होते?

आपल्या काल्पनिक कारखान्यात परत जाऊ. पडद्यावर बाटल्यांचा साठा ६,००० दिसतो. म्हणून सॉफ्टवेअरनं १४,००० मागवल्या. रॅकवर प्रत्यक्षात ४,५०० आहेत. दीड हजार कुठे गेल्या? काही उतरवताना फुटल्या आणि फुटल्याची नोंद झाली नाही. काही मागच्या महिन्यात रात्रपाळीला घाईनं दुसऱ्या औषधासाठी नेल्या, स्लिप सकाळी करू म्हणाले आणि राहिली. भरणीच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, शेवटच्या दीड हजार बाटल्यांपाशी लाइन थांबते. पिंपात अरिष्ट तयार, माणसं तयार, ट्रक गेटवर. कागदावर सगळं होतं.

दुसरी गडबड मुदतीची. सॉफ्टवेअरच्या मूळ नोंदींत, म्हणजे मास्टरमध्ये, संधानाला ३० दिवस लिहिलेत. थंडीत आंबवण मंदावते, तेव्हा पाच-सात दिवस जास्त लागतात. हे संधानगृहातल्या माणसाला पाठ असतं. सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या सल्लागारानं विचारलं तेव्हा समोर मॅनेजर होता आणि त्यानं गोल आकडा सांगितला. तो आकडा मग वर्षानुवर्षं प्रत्येक हिशेबात धावत राहतो.

तिसरी गडबड मला सगळ्यात जिव्हाळ्याची वाटते, कारण तिच्याकडे कोणी बघत नाही. ती म्हणजे वस्तूंचे कोड. एकच अर्ध्या इंची स्टीलचा बोल्ट तीन नावांनी नोंदलेला असतो. एकदा मेंटेनन्सनं मागवला तेव्हा, एकदा नव्या प्लँटच्या वेळी, एकदा पुरवठादारानं बिलावर वेगळं लिहिलं म्हणून. एका कोडखाली चारशे नग धूळ खात पडलेले आणि दुसऱ्या कोडखाली शून्य, म्हणून तातडीची खरेदी. शोधायचं कसं, हे स्टोअरकीपरला ठाऊक असतं. तो उठून थेट त्या रॅकपाशी जातो. पण नियोजन करणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर, कधी दुसऱ्या शहरात बसलेला असतो आणि त्याला फक्त पडदा दिसतो. स्टोअरकीपर निवृत्त झाला की त्याच्याबरोबर निम्मा साठा कंपनीच्या दृष्टीनं नाहीसा होतो. कोडची साफसफाई हे महिनोन्महिने चालणारं, कंटाळवाणं, कोणाला बढती न देणारं काम आहे. सॉफ्टवेअरच्या परवान्यावर मोठे खर्च करणाऱ्या कंपन्या या कामावर एक माणूस वर्षभर बसवायला तयार नसतात.

आता माणसांकडे येतो. विक्री विभागाला वाटतं, पुढच्या महिन्यात हजार पेट्या जातील. माल कमी पडला तर शिव्या आपल्याला, म्हणून ते अकराशे सांगतात. उत्पादनवाल्यांना माहीत असतं की एखादी बॅच बिघडते. ते वर दहा टक्के चढवून १,२१० धरतात. खरेदीवाल्यांना पुरवठादाराचा भरवसा नसतो. ते आणखी दहा टक्के वाढवून १,३३१ पेट्यांचा कच्चा माल सांगतात. कोणीही खोटं बोललेलं नाही, प्रत्येकानं काळजी घेतलेली आहे, आणि तरी एक तृतीयांश माल जास्त आला. पुढच्या महिन्यात गोदाम भरलेलं पाहून सगळे एकदम हात आखडतात आणि उलट दिशेला तसाच झोका जातो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये हे वागणं गणितानं दाखवलं. गिऱ्हाईकाच्या मागणीतली बारीक हालचाल साखळीत मागे मागे जाताना मोठी होत जाते. पुढे याला चाबकाचा परिणाम असं नाव पडलं : मूठ जराशी हलते, टोक सपकन फिरतं. कंपन्या-कंपन्यांमध्ये हे होतं तसं एकाच कुंपणातही होतं, आणि आतलं जास्त खटकतं, कारण तिथे सगळे एकाच कँटीनमध्ये जेवत असतात.

रसायनांच्या वसाहतीत या झोक्याची किंमत फक्त व्याजात मोजता येत नाही. जास्तीचं द्रव्य मुदत संपून बाद होतं. ते ओतून देता येत नाही. तळोज्यातच घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं सामाईक केंद्र आहे, तिथे ते पैसे भरून पाठवावं लागतं. जे कारखाने पाठवत नाहीत त्यांच्यामुळे काय होतं, हे कासाडी नदीच्या काठी राहणाऱ्या कोळ्यांना विचारावं. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातली भटकी कुत्री रंगाच्या सांडपाण्यानं निळी झालेली छायाचित्रं जगभर गेली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारवाई करावी लागली. ती घटना नियोजनाच्या चुकीतून घडली असं मी म्हणत नाही. पण गरजेपेक्षा जास्त बनवलेला प्रत्येक लिटर शेवटी कुठल्या तरी नाल्याच्या दिशेनंच वाट शोधत असतो, म्हणून साठ्याचा प्रश्न मला केवळ हिशेबनिसांचा वाटत नाही.

हे जुळवणं उत्तम साधलेली कंपनी महाराष्ट्रातलीच आहे, आणि तिचा सगळ्यात मोठा हंगाम दिवाळीचा. एशियन पेंट्स १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी सुरू केली. भांडुपला तिचा पहिला मोठा कारखाना. आज सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यात तिचा अजस्र प्रकल्प आहे, आणि अमेरिकन पीपीजीबरोबरच्या भागीदारीतला औद्योगिक लेपांचा कारखाना इथे तळोज्यात आहे. पावसाळा संपला की भिंती सुकतात आणि दिवाळीपर्यंतच्या थोड्या आठवड्यांत घरं रंगवायची असतात. लक्ष्मीपूजनानंतर आलेला डबा दुकानदाराच्या उपयोगाचा नसतो. रंगाचा धंदा नियोजनाला फार अवघड आहे. छटा शेकडो, प्रत्येक छटेचे डबे लहान-मोठे, भिंतीचा वेगळा, लाकडाचा वेगळा, बाहेरचा वेगळा. या सगळ्यांचा गुणाकार हजारांत जातो, आणि गिऱ्हाईकाला हवी असते नेमकी तीच पिस्ता छटा.

या कंपनीनं दोन गोष्टी केल्या. पहिली फार जुनी. घाऊक व्यापाऱ्यांना बाजूला ठेवून तिनं थेट दुकानदारांशी व्यवहार ठेवला. त्यामुळे कुठल्या गावात काय खपलं हे तिला मधल्या माणसाच्या अंदाजातून नव्हे, प्रत्यक्ष ऑर्डरींतून कळू लागलं. १९७० मध्ये तिनं संगणक घेतला. भारतात खाजगी कंपन्यांना संगणक ही चैन वाटत होती तो हा काळ. त्या यंत्राचा उपयोग पगारपत्रकं छापण्यापुरता न ठेवता मागणीचा अंदाज बांधण्यासाठी केला गेला. अंदाज करायला इतिहास लागतो, आणि तिच्याकडे स्वतःच्या हातानं गोळा केलेला, खरा इतिहास होता.

दुसरी गोष्ट रंग मिसळणाऱ्या यंत्राची. छटा कारखान्यात न बनवता मूळ पांढरा रंग दुकानात ठेवायचा आणि गिऱ्हाईकानं छटा निवडली की यंत्रानं थेंब मोजून मिसळायचा. हजारो प्रकारच्या डब्यांचा अंदाज करण्याऐवजी मोजक्या मूळ रंगांचा आणि रंजकांचा अंदाज केला की काम झालं. मला हे सगळ्या सॉफ्टवेअरपेक्षा मोठं नियोजन वाटतं. अवघड प्रश्न संगणकाकडे टाकण्याआधी त्यांनी तो सोपा करून घेतला.

शतक बदलण्याच्या सुमारास कंपनीनं सॅपची ईआरपी आणि तिच्या जोडीला आय-टू टेक्नॉलॉजीज या कंपनीची नियोजनप्रणाली आणली. आय-टू ही हैदराबादच्या संजीव सिद्धूंनी केन शर्मांबरोबर १९८८ मध्ये अमेरिकेत काढलेली कंपनी. कुठल्या कारखान्यात, कुठल्या यंत्रावर, कोणत्या दिवशी काय बनवलं तर सगळ्या डेपोंची गरज भागेल, याचं उत्तर ती काढायची. त्याच काळात, त्याच आय-टूची प्रणाली अमेरिकेत नाइकीनंही बसवली. तिथे २००१ मध्ये हाहाकार झाला. न खपणाऱ्या बुटांच्या ऑर्डरी भरमसाट गेल्या, खपणाऱ्यांचा तुटवडा पडला आणि कंपनीनं सुमारे दहा कोटी डॉलरची विक्री गमावल्याचं जाहीर केलं. एकाच घरच्या प्रणालीचे असे दोन अनुभव आले. यात तांत्रिक जोडणीचे दोष होते, घाईही होती. पण माझ्या मते मोठा फरक हा की एशियन पेंट्सला तीस वर्षं अंदाजाची आणि खऱ्या आकड्यांची सवय होती, आणि सॉफ्टवेअर त्या सवयीवर येऊन बसलं.

त्याआधी १९९९ मध्ये हर्शी या चॉकलेट कंपनीचं झालेलं याहून बोलकं आहे. सुमारे अकरा कोटी डॉलर खर्चून, मुदत आखडून, सणाच्या हंगामाच्या तोंडावर तिनं नवी यंत्रणा चालू केली. हॅलोविनच्या आधी जवळपास दहा कोटी डॉलरचा माल ती पोचवू शकली नाही. कारखान्यात चॉकलेट होतं! हंगामाच्या गर्दीत जागा मिळेल तिथे, नेहमीच्या गोदामांबाहेरही माल ठेवायची तिथली रीत होती. कामगारांना त्या जागा ठाऊक होत्या, यंत्रणेत त्या नोंदलेल्याच नव्हत्या. आपल्या स्टोअरमधला फक्त स्टोअरकीपरला ठाऊक असलेला रॅक आणि हर्शीच्या त्या जागा यांत तत्त्वतः काही फरक नाही.

पनवेलकरांना यंत्रणा बंद पडण्याचा अनुभव जवळून आला तो २७ जून २०१७ ला. नॉटपेट्या नावाच्या संगणकी हल्ल्यानं डेन्मार्कची मर्स्क कंपनी जगभर ठप्प झाली आणि तिच्या समूहाकडे असलेलं न्हावाशेव्याचं एक टर्मिनलही त्यात सापडलं. कंटेनर जागेवर होते, क्रेन जागेवर होत्या, पण कुठला कंटेनर कोणाचा आणि कुठल्या थरात, हे सांगणारी यंत्रणाच गेली. बंदराच्या रस्त्यांवर ट्रेलर साचले. मर्स्कनं पुढे सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे केले आणि तीस कोटी डॉलरपर्यंत नुकसान सोसलं. त्यात भर म्हणून चारच दिवसांनी, १ जुलैला, देशात जीएसटी लागू झाला. आयात कच्च्या मालावर चालणाऱ्या कारखान्याला त्या आठवड्यात पडद्यावरचा ‘वाटेवर आहे’ हा शब्द किती पोकळ असू शकतो हे कळलं असणार. अशा दिवशी कारखाना तगतो तो सुरक्षा-साठ्यावर, म्हणजे मुद्दाम बाजूला ठेवलेल्या जास्तीच्या मालावर. तो किती ठेवायचा हे ठरवताना वित्त विभाग आणि उत्पादन विभाग यांचं भांडण होतं, आणि ते व्हायलाच हवं. फक्त ते उघड, आकडे समोर ठेवून व्हावं. दहा-दहा टक्के गुपचूप चढवून नको.

या उघड भांडणासाठीच १९८० च्या दशकात वाइट यांच्या संस्थेतल्या रिचर्ड लिंग यांनी विक्री आणि उत्पादन यांच्या संयुक्त नियोजनाची मासिक बैठक रूढ केली. आधी विक्रीवाले मागणी मांडतात, मग कारखाना आपली क्षमता मांडतो, मग तफावत मांडली जाते आणि शेवटी वरिष्ठांसमोर एकच आकडा ठरतो. तो आकडा त्यानंतर सगळ्यांचा. पुढचे काही आठवडे तो गोठवलेला. संधानाचं पिंप बंद झाल्यावर विक्रीच्या साहेबांनी फोन करून बॅच बदलायची नाही. सॉफ्टवेअर या गोठवणीला कुलूप लावू शकतं. पण किल्ली साहेबांच्या खिशात असते, आणि साहेबांनी ती एकदा वापरली की दुसऱ्या महिन्यापासून बैठकीला कोणी मनापासून येत नाही.

आता महिनाअखेर. तळोजा-कळंबोलीच्या रस्त्यावर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जी गर्दी असते तिच्या मुळाशी बऱ्याच अंशी विक्रीची उद्दिष्टं असतात. उद्दिष्ट महिन्याचं, बोनस महिन्यावर. पहिले पंधरा दिवस शांत, शेवटचे आठ दिवस आकांत. दुकानदारही शहाणे झालेले असतात. शेवटच्या आठवड्यात सवलत मिळते हे कळल्यावर ते आधी ऑर्डर देतच नाहीत. सॉफ्टवेअर हा महिना सपाट वाटून देतं, पण त्याला कोणी जुमानत नाही, कारण बक्षीस सपाट महिन्याला नसतं.

त्याचा भार कोणावर पडतो? डबल ड्यूटी करणाऱ्या ऑपरेटरवर, कंत्राटी हमालावर, रात्री दोनला सॅम्पल तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मुलीवर, गाडी भरायची वाट बघत गेटबाहेर झोपलेल्या चालकावर. जादा कामाला कायद्यानं दुप्पट दर आहे. कंत्राटी माणसाच्या हातात तो पूर्ण पडतो का, हे त्याच्या पगाराच्या स्लिपवरून तपासावं. आणि रिॲक्टरवर सोळा तास उभा असलेला माणूस तापमानाचा काटा किती नीट वाचेल? रासायनिक कारखान्यात घाई ही सुरक्षिततेची बाब आहे. नियोजनाचं सॉफ्टवेअर विकणारे साठा किती कमी होईल हे सांगतात. मी कारखानदार असतो तर पहिला प्रश्न विचारला असता : माझ्या शेवटच्या आठवड्यातल्या डबल ड्यूट्या किती कमी होतील? हा आकडा प्रत्येक कंपनीच्या हजेरीपटात तयार असतो. तो त्या मासिक बैठकीत पहिल्या पानावर यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

लहान कारखान्यांना हे सगळं परवडतं का, असं विचारलं जातं. या पट्ट्यातले कितीतरी लघुउद्योग टॅलीवर हिशेब आणि एक्सेलवर नियोजन चालवतात. त्यात वाईट काही नाही. एक्सेलची पत्रकं एका माणसाच्या डोक्यात असतात, तो रजेवर गेला की कारखाना आंधळा होतो, एवढाच दोष. मुंबईच्या रुषभ मेहतांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यात तयार प्रणाली बसवताना आलेल्या अडचणींतून स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. तिचंच पुढे ईआरपीनेक्स्ट झालं. ती मुक्तस्रोत आहे, परवान्याचे पैसे पडत नाहीत, आणि उलटं मोजण्याचं ऑर्लिकींचं गणित तिच्यातही आहे. तेव्हा साधनाची अडचण आता फारशी उरलेली नाही. अडचण आहे ती रोजच्या नोंदीची. ३१ मार्चला वर्षातून एकदा सगळा साठा मोजून हिशेब तपासनिसाला खूश करण्यापेक्षा रोज थोड्या वस्तू मोजाव्यात. महागड्या आणि वेगानं हलणाऱ्या वस्तू महिन्यातून एकदा, बाकीच्या तिमाहीत, खिळे-स्क्रू वर्षातून एकदा. फरक सापडला की माणसावर ओरडायचं नाही, कारण शोधायचं : स्लिप राहिली, कोड चुकला, की वजनकाटा बिघडला. पहिल्यांदा ओरडा बसला की दुसऱ्या दिवसापासून मोजणीचा आकडा पडद्यावर बघूनच लिहिला जातो. मग मोजणी हवीच कशाला?

आणि मुदती. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू सुरू झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये पनवेलच्या उंबरठ्यावर उलव्याच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. मुंबईतून येणाऱ्या मालाची वाट बदलली, हवाई मालाची बदलू लागली, आणि बांधकामांमुळे आतले काही रस्ते आधीपेक्षा संथही झाले. सॉफ्टवेअरच्या मास्टरमध्ये ‘वाहतूक : २ दिवस’ हा आकडा सेतूच्या आधी जो होता तोच बहुतेक ठिकाणी असेल. तो बदलण्याचा अधिकार कार्यालयातल्या कोणाकडे तरी असतो, आणि खरा आकडा असतो गेटवरच्या आवक-जावक रजिस्टरात : ट्रक कधी निघाला, कधी पोचला, किती वेळ बाहेर उभा राहिला. सुरक्षारक्षक ते दिवसरात्र निळ्या शाईनं लिहीत असतो. दर तिमाहीला नियोजन विभागातल्या एकानं ते रजिस्टर घेऊन बसावं, मागच्या तीन महिन्यांतल्या गाड्यांचा प्रत्यक्ष वेळ काढावा, मास्टरमधला आकडा दुरुस्त करावा, आणि ज्या रक्षकानं ते लिहिलं त्याला, डिस्पॅचच्या कारकुनाला आणि एखाद्या नेहमीच्या चालकाला त्या दिवशीच्या बैठकीत खुर्ची द्यावी. कुठल्या वेळी खारघरचा टोल तुंबतो आणि भरतीच्या दिवसांत उरणकडचा कुठला रस्ता टाळायचा, हे त्यांना विचारून लगेच लिहून घेता येईल.